दोन दळांचा बेल

या, असे सावलीत या. घाटराव सरदारांची गढी, नगारखाना, आतला महादेव, सगळे पाहून झाले. आता पिंपरसोंड्याच्या या कमानीकडे नीट बघा. दार फिरायचे ते दगडी खळगे आहेत, अडसराची भोके आहेत. दार तेवढे नाही. मागच्या खेपेचे पाहुणे म्हणाले, चोरीला गेले असेल. अहो, ते दार ओढायला हत्ती लागायचा म्हणे. चोर हत्ती घेऊन आला असता, तर निदान लीद तरी सापडली असती.

शेजारी हा बेल. पान तोडू नका, नुसते बघा. बेलाला तीन दळे असतात, याला दोनच.

असे सांगतात, की गढी दोघा भावांची. थोरले बहिर्जीराव मोहिमेवर निघाले तेव्हा धाकट्या मानाजीरावांनी महादेवासमोर बेलभंडार उचलला. म्हणजे बेलाचे पान आणि हळद हातात धरून शपथ घेतली, की तुम्ही याल तेव्हा हे दार उघडे असेल. ते पान थोरल्यांनी पागोट्यात खोवले आणि निर्धास्त गेले.

मोहीम फसली. बहिर्जीराव परतले ते एकटेच, पोटात जखम घेऊन, ऐन उन्हात. इकडे धाकट्यांना गादीची ऊब लागली होती. थोरले लांबून येताना दिसताच त्यांनी देवडीवरच्या खंडू नाईकाला दार लावायला सांगितले. नाईकाने ऐकले नाही, तो उठून बाहेर गेला. हत्तीने ऐकले. अडसर मात्र मानाजीरावांनी स्वतःच्या हाताने सारला. आवाज एवढा झाला म्हणे, की समोरच्या डोंगरावरची गुरे तोंडातला घास तसाच धरून वळली.

थोरल्यांनी बाहेरून विचारले, "मानाजी, बेल उचलला होतास ना?"

नगारखान्यातून उत्तर आले, "तो वाळला, दादासाहेब."

थोरल्यांनी पागोट्यातून पान काढले. खरेच वाळले होते. त्याचे एक दळ खुडून त्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवले, भावाचा वाटा म्हणून. दोन मुठीत राहिली. मग पाणी मागितले, तेही घरच्या विहिरीचे. ते काही आले नाही. खंडू नाईकाच्या मांडीवर डोके ठेवून ते इथेच गेले.

मूठ सुटून ती दोन दळे पडली, तिथे हा बेल उगवला. पुढच्या श्रावणापर्यंत गढीतले सगळे बेल वाळून गेले, आणि याचे पान महादेवाला चालेना. चांगला बेल उरला तो फक्त खंडू नाईकाच्या परसात. सोमवारी धाकटे सरकार अनवाणी त्याच्या दारी गेले. कडी आतून लावलेली. नाईकाने आतूनच विचारले, "दार उघडं आहे का, सरकार?"

मानाजीराव परत फिरले. दार उखडून नदीत सोडले आणि पुन्हा गेले. बेल मिळाला. माफी मिळाली असे मात्र कोणी सांगत नाही.

आजही श्रावणातल्या पहिल्या सोमवारी घाटरावांचा वंशज पुण्याहून येतो. मोठा इंजिनिअर आहे. वेशीवर गाडी लावतो, चपला गाडीतच काढतो आणि नाईकांच्या बंद दारापुढे उपरणे पसरून उभा राहतो. एरवी त्याला साहेब साहेब करणारे आम्ही सगळे मागे गप्प. नाईकांची सून आतून तेच विचारते. "उघडं आहे," तो म्हणतो.

ती लगेच कडी काढत नाही. आधी खिडकीशी जाऊन गढीकडे बघून घेते.