रॅकेटविना जिंकलेला गेम

सन १९७९, फेब्रुवारी महिना. थंडी ओसरू लागली होती. राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या शर्मिष्ठा मोने यांचा उजवा खांदा कायमचा निकामी झाला होता. परंतु टेनिस सोडणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी सांगलीच्या एका जिमखान्यात प्रशिक्षकपदासाठी अर्ज केला.

अध्यक्ष दाजीसाहेब निंबाळकरांना स्वतःच्या सर्व्हिसचा भारी अभिमान! सभासदांसमक्ष ते गरजले, "बाई, रॅकेट उचलवत नाही आणि शिकवणार काय? माझ्याविरुद्ध एक गेम जिंका, नेमणूक तुमची!"

"मान्य! सर्व्हिस आपणच करा," असे म्हणून शर्मिष्ठाबाई रिकाम्या हातांनी जाळीपलीकडे उभ्या राहिल्या. एकच हशा पिकला.

दाजीसाहेब चेंडू उडवणार, तोच बाईंनी अदबीने विचारले, "साहेब, फटका मारताना आपण श्वास आत घेता, की बाहेर सोडता?"

दाजीसाहेब विचारात पडले. पहिला चेंडू जाळीत गेला, दुसरा रेषेबाहेर; दोन्ही चुकल्यामुळे गुण बाईंना मिळाला. पुढे श्वासाकडे लक्ष द्यावे, तर हात चुके. हाताकडे द्यावे, तर श्वास अडके. पाहता पाहता अख्खा गेम बाईंचा झाला! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ही शुद्ध लबाडी आहे!" दाजीसाहेब कडाडले.

"साहेब, आपली इतक्या वर्षांची सर्व्हिस मी एका वाक्याने बिघडवली. ज्या जिभेला बिघडवता येते, तिला घडवताही येते. मग शिकवायला रॅकेट कशाला हवी?"

शनिवार, २४ फेब्रुवारी रोजी दाजीसाहेबांनी नेमणुकीवर सही केली आणि ते हळूच म्हणाले, "बाई, पहिला शिष्य मीच. आधी तो प्रश्न विसरायला शिकवा!"