तांबूचे दात

“...मग माझ्यातच काय कमी आहे, माई?”

चिंतामणनं विचारलं तेव्हा त्याच्या गुरू रेवामाई मठाच्या ओसरीवर बसून तांबूचे दात पुसत होत्या. तांबू म्हणजे मठातला म्हातारा, तांबड्या रंगाचा कुत्रा.

माईंनी वर पाहिलं नाही. बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं त्यांनी कुत्र्याच्या ओठाआड सरकवलं. हिरडीच्या कडेकडेनं हळूच फिरवलं.

“दाढेपाशी अजून पिवळं आहे रे,” त्या म्हणाल्या. कुत्र्याला.

...

तापीकाठच्या त्या मठात चिंतामण अकरा वर्षं होता. घरदार सोडून आलेला. शेकडो ओव्या त्याला तोंडपाठ होत्या आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. पण माईंनी त्याच्या डोक्यावर कधी हात ठेवला नव्हता. एकदाही नाही.

तांबू आला तो गेल्या थंडीत. जबडा सुजलेला, तोंडाला घाण वास. भाकरी कुस्करून पुढे ठेवली तरी खाता येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी हलणाऱ्या दोन दाढा काढल्या आणि बजावलं, “रोज पुसायचे दात. माणसांची पेस्ट लावू नका, हाडं देऊ नका. हिरडी लाल दिसली की समजा, दुखणं परत आलं.”

तेव्हापासून रोज सकाळी, प्रवचनाच्याही आधी, माईंची मांडी तांबूची.

चिंतामण ते खांबाआडून बघायचा. बघायचं नाही असं ठरवून बघायचा.

त्या दिवशी न राहवून त्यानं माईंना विचारून टाकलं होतं. आठवड्याभरात माई तापानं अंथरुणाला खिळल्या. त्यांनी चिंतामणला आत बोलावलं.

आता तरी काही देतील, असं वाटून तो जवळजवळ धावतच गेला.

“तांबूचे दात तुझ्याकडे,” माई म्हणाल्या.

“...बरं, माई.”

रोज संध्याकाळी त्या पडल्या पडल्या विचारायच्या, “पुसलेस?”

“पुसले.”

बारा दिवसांनी ताप उतरला. माई भिंतीला धरत ओसरीवर आल्या, बसल्या. तांबू लगोलग त्यांच्या पायाशी. माईंनी त्याचा ओठ उचलला.

हिरडी लालभडक होती. फडकं नुसतं टेकवलं, तर त्यावर रक्त आलं.

माईंनी फडक्याकडे पाहिलं. मग चिंतामणकडे.

उत्तर त्यानं आधीच तयार ठेवलं होतं. कुत्रा तोंडच उघडू देत नाही, असं सांगायचं होतं. पण तोंडून भलतंच निघालं.

“नाही पुसले. एक दिवससुद्धा नाही.”

...

“मला त्याचं तोंड बघवत नव्हतं, माई. मी इतकी वर्षं तुमचं पाणी भरलं, अंगण झाडलं, पाठांतर केलं. त्यानं काय केलं? आला आणि तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं, बस. मला वाटलं, सडू देत दात. वास सुटेल. मग तुम्हीच त्याला लांब कराल.”

आता माई ‘चालता हो’ म्हणणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

माईंनी फडकं तांब्यातल्या पाण्यात धुतलं. पिळलं. त्याच्यापुढे धरलं.

“मी?”

माईंनी फडकं त्याच्या हातात ठेवलं.

तो बसला. फडकं बोटाला गुंडाळलं. तांबूनं त्याचा हात हुंगला आणि हनुवटी त्याच्या गुडघ्यावर टेकली. चिंतामणनं ओठ उचलला. बोट घाईनं आत घातलं. ते नेमकं दुखऱ्या हिरडीवर दाबलं गेलं.

तांबू केकाटला. दात बोटावर मिटले.

चिंतामणनं डोळे घट्ट बंद केले. तांबूनं चावावं, असंच त्याला वाटत होतं.

जबडा तसाच राहिला... बोटावर, पण दाबला गेला नाही. मग सैल झाला. तांबू थोडा वेळ धापा टाकत बसला. मग त्यानं पुन्हा हनुवटी त्याच गुडघ्यावर टेकली. तोंड चिंतामणकडेच.

चिंतामणच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“चावला का नाही, माई? हे सगळं माझ्यामुळे झालंय.”

...

“दुखतंय, एवढंच त्याला कळतं,” माई म्हणाल्या. “कुणामुळे, ते तो शोधत बसत नाही.”