एक्कावन्न पायऱ्यांचा दवाखाना

सोनगिरीचा दवाखाना बांधून तयार झाला आणि दोन महिन्यांत त्यात एकही रोगी पोहोचला नाही!

पोहोचणार कसा? अभयराजे महाराजांना दवाखाना असा हवा होता, की बघणाऱ्याची पगडी मागं पडावी. म्हणून खाली एक्कावन्न पायऱ्या, वर दगडी खांब आणि खांबांच्या आड, जागा उरली म्हणून, वैद्यबुवा. तापानं फणफणलेला माणूस पाचव्या पायरीवर टेकायचा, नवव्या पायरीवर आडवा व्हायचा आणि तिथूनच घरी परतायचा. वैद्यबुवांना खाली उतरायला बंदी, औषध खाली आणायलाही बंदी. डोलीतून नाहीतर पाठीवरून कुणाला वर न्यायलाही बंदी, कारण त्यानं म्हणे पायऱ्यांची शोभा जाते!

दिवाणजींनी मात्र भर दरबारात खबर दिली, "महाराज, दोन महिन्यांत आपल्या दवाखान्यात एकही रोगी दगावला नाही!"

"बघा, वास्तूचा गुण!" महाराज खूश झाले. मग काय, सगळा दरबार खूश.

दरबाराच्या दाराशी उभ्या असलेल्या सारजाला हसावं की रडावं ते कळेना. हा दवाखाना तिच्याच बापानं, गेणू पाथरवटानं बांधला होता. शेवटची पायरी बसवताना दगड त्याच्याच पायावर पडला. जखम चिघळत चालली होती. वैद्यबुवांनी वरूनच ओरडून सांगितलं होतं, "पंधरा दिवसांत लेप सुरू झाला नाही तर पाय कापावा लागेल! वर घेऊन ये!" ते तिथून खाली येणार नव्हते, आणि गेणू वर जाऊ शकत नव्हता.

सारजा पुढं झाली. "महाराज, माझ्या आबांना दवाखान्यात जायचंय. पायऱ्या तेवढ्या कमी करा."

"कमी?" महाराज ताडकन उठले. "मग परमुलखातला पाहुणा मान वर करून बघेल कशाला?"

"आजारी असला तर बघेल की, खाली पडल्या पडल्या!"

दिवाणजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकलं.

"तोंड बरंच चालतं गं तुझं! आता हातही चालव," महाराज गरजले. "आठ दिवस देतो. बापाला वर ने. पण पायरीचा टवका उडता कामा नये, दुसरं दार पाडायचं नाही आणि पायऱ्यांवरून कुणी कुणाला उचलायचं नाही. मी जातीनं बघायला येईन. नाही जमलं, तर बापलेकीनं राज्य सोडायचं!"

"बरं. दवाखान्यामागं बांधकामाच्या मातीचा ढीग पडलाय. तो हलवला तर चालेल?"

"तो घाणेरडा ढीग? ने बाई, उपकार होतील!"

घरी गेणूनं कपाळाला हात लावला. "अगं पोरी, काय करून बसलीस हे!"

"आबा, ते वीस-वीस मणांचे खांब तुम्ही वर कसे चढवलेत हो?"

गेणूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसंच मिटलं आणि पाय दुखत असतानाही तो खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी सगळे पाथरवट आपापली गाढवं घेऊन दवाखान्याशी हजर!

आठव्या दिवशी महाराज पालखीतून उतरले आणि बघतच राहिले. उजवीकडच्या अर्ध्या पायऱ्या गायब! समोर लांबवर असलेल्या विहिरीपासून थेट वरच्या दारापर्यंत मातीचा चोपून चोपून बसवलेला लांबलचक उतार. त्यावरून दगड वाहायचा गाडा चालला होता, गाड्यावर गेणू बसला होता आणि सारजा दोघा पाथरवटांबरोबर दोर ओढत होती. बघता बघता गाडा दारात पोहोचला. वैद्यबुवा तर धावतच बाहेर आले. बिचाऱ्यांना दोन महिन्यांत पहिलाच रोगी दिसत होता!

"माझ्या पायऱ्या!" खालून महाराज ओरडले.

सारजा उतरून खाली आली. "मातीखाली एकूण एक शाबूत आहेत, महाराज. टवका उडाला नाही, दार पाडलं नाही, कुणाला उचललं नाही. ओढलं. आणि डाव्या बाजूच्या खास आपल्यासाठी मोकळ्या ठेवल्यात. आम्ही आपले मातीतून जाऊ, महाराजांनी शोभेनं यावं!"

आता मागं कसं फिरणार? महाराज निघाले. दवाखान्याचा नारळसुद्धा त्यांनी खालच्या खालीच फोडला होता, त्यामुळं चढायची ही पहिलीच खेप. बाराव्या पायरीवर धाप लागली. एकोणिसाव्या पायरीवर जुना गुडघा असा धरला, की पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना! भोई पालखी घेऊन धावले.

"अहो, थांबा, थांबा!" सारजानं हात आडवे केले. "पायऱ्यांवरून कुणाला उचलायचं नाही. महाराजांचा हुकूम आहे!"

भोई जागीच उभे राहिले. तेवढ्यात उतारावरून काठी टेकत एक म्हातारी वर चालली होती. तिला धड दिसत नव्हतं. "गुडघा होय रे बाबा?" ती म्हणाली. "मग तिकडं कशाला तडफडतोस? इकडून ये की!"

महाराजांनी घाम पुसला. "पोरी, ही युक्ती तुला सुचली कशी?"

"मला कुठली सुचतेय! या दवाखान्याचा दगडन् दगड अशाच उतारावरून वर गेला, महाराज. दगड सुखरूप पोहोचले, तसा आपण उतार मोडला आणि माणसांसाठी पायऱ्या केल्या. मी म्हटलं, रोग्याला दगडाइतका मान मिळाला तरी पुष्कळ झालं!"

महाराज हसू लागले. इतके हसले, की गुडघ्यातून कळ गेली. "आई गं!" म्हणाले आणि पुन्हा हसले. सारजाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच उतारावर पाऊल टाकलं.

वर गेणूच्या पायाला लेप लागला होता. "पाय वाचला!" वैद्यबुवांनी सांगितलं, तेव्हा कुठं सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या खाटेवर गुडघा शेकत पडलेल्या महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. "हा उतार आता दगडात बांधायचा! आणि यापुढं शाळा असो, धर्मशाळा असो, नकाशा आधी सारजाला दाखवायचा. तिनं मान डोलावली तरच पाया खणायचा!"

दिवाणजी लगबगीनं पुढं आले. "महाराज, खबर आहे! आज दवाखान्यात बत्तीस रोगी आले!"

"तेहतीस म्हणा, दिवाणजी," महाराज विव्हळत म्हणाले. "मला विसरलात!"