समोरच्या दाराचे तोरण

एकदा एका शिष्याने गुरुजींच्या दारात चपला काढल्या त्या अशा आदळून, की पलीकडच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईंनीही सूप खाली ठेवले.

"कुठल्या पट्टीत आपटल्यास रे?" आतून गुरुजींनी विचारले.

गुरुजी वृद्ध होते. उमेदीची वर्षे त्यांनी मोठ्या शहरात वाद्यवृंदात पियानो वाजवण्यात घालवली आणि उतारवयात गावी येऊन ते पेटी शिकवू लागले. शिष्य तसा लहानपणापासून भजनाला पेटी धरणारा. पण कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम दाबून गाण्याखाली सतरंजीसारखे अंथरायचे, ही विद्या त्याला नवी होती. नवी म्हणूनच फार आवडली होती.

"गुरुजी, आत्या गाणार नाही म्हणते."

आता ही गोष्ट साधी नव्हती. शिष्याची बहीण शलाका, तिचे लग्न तोंडावर आले होते. भाचीसाठी आत्याने स्वतः एक पद रचले होते. मंगलाष्टकांच्या आधी आत्याने ते म्हणायचे आणि भावाने साथ करायची, एवढी एकच हौस शलाकाने बोलून दाखवली होती. दागिन्यांबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. पण सरावाला बसले की आत्या मध्येच अडखळे. काल तर ती म्हणाली, "माझेच कान गेलेत. भर मांडवात शोभा नको," आणि उठून पापड लाटायला बसली.

"वाजव बघू," गुरुजी म्हणाले.

शिष्याने वाजवले. चाल सरळ, सगळे शुद्ध स्वर. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती पंचमावर विसावे. तेथे पोहोचण्याच्या जरासे आधी शिष्याने गुरुजींनीच शिकवलेली एक कॉर्ड दाबली: रिषभ, तीव्र मध्यम आणि धैवत. तीव्र मध्यम त्या चालीत कुठेच नाही. पण तो वाजला मात्र, आणि मागून आलेला पंचम असा उजळला की बोलायची सोय नाही. शिष्य त्याच भरात पुढे वाजवत गेला.

थांबल्यावर तो म्हणाला, "इथं शलाकाच्या अंगावर काटा येतो. आणि ह्याच्या पुढच्याच ओळीला आत्या घसरते. बाहेरचा स्वर आणला ना, त्यानं गाणं बिघडलं. काढूनच टाकतो."

"काढल्यावर कसं वाटतं?"

"सपाट. पंचम येतो नि जातो, कुणाला पत्तासुद्धा लागत नाही."

गुरुजींनी डोळे मिटले. काय झाले आहे ते त्यांना कळले होते, पण त्यांनी विचारले ते भलतेच. "उद्या शलाकाचं केळवण कुणाकडे आहे?"

"आमच्या समोरच्या भांडीवाल्या शेटजींकडे. तुम्हालाही आमंत्रण आहे की!"

"मग उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी शेटजींकडे मंडळी जमू लागली. गुरुजी आले ते हातात पिशवी घेऊन. त्यांनी पिशवीतून आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण काढले, आतून स्टूल मागवले आणि त्यावर चढून ते शेटजींच्या चौकटीला बांधू लागले.

शेटाणीबाई धावत आल्या. "अहो गुरुजी, लग्नघर समोरचं! आमच्याकडे नुसतं जेवण आहे."

"ठाऊक आहे, वहिनी. स्टूल तेवढं धरा, हलतंय."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वयाने गुरुजींना भ्रम झाला की काय, असेच त्याला वाटले. पण मग एक गंमत झाली. तोरण बघून शेटजी आत गेले आणि बंडीवर कोट-टोपी चढवून बाहेर आले. शेटाणीबाईंनी मांडलेले स्टीलचे ताट उचलून चांदीचे ठेवले. पाटाभोवती रांगोळी नव्हती, ती कुणीतरी पटकन ओढली. आणि शलाका, जी सकाळपासून शिंप्याकडे नि सोनाराकडे धावून दमली होती, ती उंबऱ्यावर औक्षणाला उभी राहिली तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली. त्या क्षणी ती खरी नवरी दिसली. आत्याने हळूच पदराने डोळे टिपले.

मसालेभात वाढून होतो न होतो तोच बाहेर धडाधड आवाज झाला. शिष्य उष्टा हात तसाच घेऊन पळत गेला. पाहतो तर मांडववाला आपल्या हातगाडीवरून शेटजींच्या दारात बांबू उतरवतो आहे.

"अहो, इथं नाही! समोर, समोर!"

मांडववाल्याने घाम पुसला आणि बोट वर केले. "मग हे काय वाळत घातलंय का? तोरण दिसलं, माल उतरवला. आता परत चढवायला तुमचा सासरा येणार आहे?"

"सासरा अजून ठरायचाय त्याचा!" आतून शेटाणीबाई म्हणाल्या आणि पंगतभर हशा पिकला.

जेवण आटोपल्यावर गुरुजींनी हात धुतले आणि पहिले काम केले ते तोरण सोडण्याचे. शेटजी हिरमुसले. "राहू द्या की, गुरुजी. दाराला शोभा आली होती."

"नको, शेटजी. लग्नाच्या दिवशी सगळं वऱ्हाड तुमच्या पंगतीला बसेल."

"मग सोडाच!" शेटजी घाईघाईने म्हणाले.

घरी परतताना शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, हे सगळं काय केलंत?"

गुरुजी त्याच्या ओट्यावर टेकले. "बाळ, शेटजींचं घर लग्नघर नव्हे. पण तोरण बांधलं आणि तेवढ्या वेळापुरतं ते लग्नघरच झालं. यजमान बदलले, ताट बदललं, तुझी बहीणसुद्धा बदलली. तुझ्या गाण्याचं घर षड्ज. पंचम हा शेजारी. तीव्र मध्यम बाहेरचा आहे हे खरंच, पण तो पंचमाच्या दारी बांधलेलं तोरण आहे. त्याच्यामुळे पंचमाला क्षणभर षड्जाचा मान मिळतो. षड्जाकडे ओढून नेणारी जी कॉर्ड असते, तशीच एक पंचमासाठी उसनी आणायची. पाश्चात्त्य लोक तिला सेकंडरी डॉमिनंट म्हणतात. नाव विसरलास तरी चालेल."

"मग आत्या का घसरते?"

"पंचम आल्यावर तू पुढं काय वाजवलंस?"

शिष्य मांडीवर बोटे चालवू लागला. एका जागी बोटे थांबली. "तीव्र मध्यमच ठेवला. मला वाटलं, आता घर बदललं."

"आणि आत्या पुढची ओळ कुठून उचलते?"

"मध्यमावरून. शुद्ध…" त्याने मांडीवरची बोटे उचलली. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे ती आपल्या घरीच येत होती. बांबू मी समोरच्या दारात उतरवत होतो."

"तिचे कान शाबूत आहेत," गुरुजी उठत म्हणाले. "हे तिला आजच सांग. बाकी, कुणाला मान द्यायचा तर हात राखून देऊ नये, आणि देता देता आपलं घर कोणतं ते विसरू नये. वाजवताना आणि एरवीही."

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात पोळपाट घेऊन बसली होती. शिष्याने पेटी तिथेच उंबऱ्याशी आणून ठेवली.

"आत्या, चूक माझी होती."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"बरं, गाऊ नकोस. नुसतं ऐक."

त्याने पहिली ओळ वाजवली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम आला, पंचम तसाच उजळला. मग शिष्याने पंचमाच्या कॉर्डमध्ये आणखी एक स्वर मिसळला, शुद्ध मध्यम. गाण्याचा मूळचा, आपला. सगळी चाल जणू वळून घराकडे बघू लागली.

आत्याला गायचे नव्हतेच. ती खाली मान घालून लाटतच होती. पण त्या जागी तिचे ओठ उघडले, पुढची ओळ आपसूक निघाली आणि कुठेही न अडता षड्जावर येऊन थांबली. लाटणेही थांबले.

"परत वाजव," ती म्हणाली.

त्याने वाजवले. या वेळी तिने पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. आतल्या खोलीत शलाका साडीच्या घड्या घालत होती, ती तशीच साडी हातात धरून दारात येऊन उभी राहिली.

आत्याने पिठाचे हात झटकले. "आणि हे बघा, त्या दिवशी मला खुर्चीबिर्ची देऊ नका. मी उभ्यानं म्हणेन. बसलं की दम पुरत नाही माझा."