शेलारांच्या दारची कबुली

शिमग्यात ग्रामदेव भैरीची पालखी आमच्या वेळसुरे गावात घरोघर नाचते. या शेलारांच्या अंगणात मात्र नाचत नाही. इथं ती जमिनीवर टेकवतात, ढोल थांबतात आणि घरातला थोरला पुरुष पुढं येऊन बोलतो. का, ते सांगतो.

पहिल्या मोठ्या लढाईत इथला येसाजी शेलार इंग्रजांच्या पलटणीतून इराकात, बसऱ्याकडं गेला होता. वय एकोणीस. घरी बायको गोजरा आणि बाप हैबती. शिमग्याच्या तोंडावर, सोमवारी, तार आली. येसाजी पडला होता. सुतक लागलं असतं तर पालखीला पहिला खांदा द्यायचा शेलारांचा मान दुसऱ्या घराण्याकडं गेला असता. हैबतीनं तार कमरेला खोचली आणि तोंड मिटलं. पाटलाला आणि गुरवाला ठाऊक होतं, असं सांगतात. तेही गप्प राहिले.

गोजरानं पालखी ओवाळली. नवरा सुखरूप येऊ दे, म्हणून देवाला कौल लावला. गुरवानं उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, दिला म्हणे. ती हसत घरी आली, सगळ्यांना पुरणपोळी वाढली. हैबतीनं दोन खाल्ल्या.

पालखी देवळात बसली त्याच दुपारी हैबती दगड घेऊन गोजराच्या बांगड्या फोडायला आला.

"तार कधी आली?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"म्हणजे मी ओवाळलं तेव्हा तुम्ही बघत होता."

तिनं दगड हिसकावून घेतला आणि बांगड्या स्वतः फोडल्या.

पुढच्या वर्षी पालखी या दारात आली आणि जड झाली. सोळा गड्यांना उचलेना म्हणे. गोजरा उंबऱ्यात उभी होती.

"मामंजी, गावाला सांगा."

"माझा पोरगा मेला, हे मला ठाऊक होतं," हैबती पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

तिनं तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तो रडला. ती नाही रडली. मग पालखी उठली.

आजही तेच शब्द, तीनदा, मोठ्यानं म्हणायचे असतात. एकही बदलता येत नाही. मी हैबतीचा पणतू, येसाजीच्या धाकट्या भावाचा नातू. ही माझी अकरावी खेप. माझा धाकटा पोरगा दिगंबर फौजेत आहे, परदेशात शांतिसेनेबरोबर गेलाय. बारा दिवस झाले, त्याचा फोन नाही. काल मी मानकऱ्यांना म्हटलं, यंदा तेवढं मला सोडा. ते खाली बघत म्हणाले, "दादा, मग पालखी उठणार कशी?"

ढोल थांबला बघा. जरा वाट द्या.