परत आलेले बेदाणे

आमच्या गावच्या कारखान्याचे बेदाणे फवारणीचं औषध जास्त निघालं म्हणून परदेशातून परत आले. मालक भूपालरावांनी तीच पोती शाळेच्या स्वयंपाकघराला दान दिली. स्वयंपाक करणाऱ्या हौसाक्कांनी हरकत घेतली, तर म्हणाले, "ती परदेशी माणसं नाजूक. आपल्या पोरांना काय होतंय?"

मग शाळेत मालकांचा सत्कार ठरला. पोरांआधी मोठ्या माणसानं चव घ्यायची शाळेची रीत, म्हणून शिऱ्याची पहिली वाटी मालकांपुढं आली.

"बेदाणे कुठले हे?"

"तुमचेच की. परत आलेले."

मालकांनी वाटी झटक्यात लांब सारली. हौसाक्कांनी ती परत त्यांच्यापुढं सरकवली.

"का हो मालक, तुम्ही परदेशी कधी झालात?"

पोती त्याच दिवशी उचलली, बघा. पोरांसाठी अक्कांनी बिनबेदाण्याचा शिरा वेगळा केलाच होता.