धाकटा सबवूफर

खोकी आपापसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. सांगलीतल्या एका स्पीकरच्या दुकानात दोन सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे आवाज काढणारी खोकी, शेजारी राहत, थोरला धडाडू आणि धाकटा मंद्र. सिनेमात तोफ उडाली की धडाडू कपाटाच्या काचा हलवी आणि मंद्रला विचारी, "तू जागा आहेस ना रे?" आपण कुणाच्या कानावर पडतच नाही, ही सल मंद्रलाही होती. त्यातून मालक त्याला माळ्यावर टाकायच्या बेतात होता.

एकदा गाणं शिकवणाऱ्या शरयूबाई आल्या. त्यांनी तबल्याच्या साथीची ठुमरी लावायला सांगितली. धडाडूने सवयीने एवढा जोर लावला की डग्ग्याचे बोल एकमेकांत कालवले गेले आणि गाणारीचा आवाज बुडाला.

"तोफेला हा छान आहे," बाई म्हणाल्या. "आता दुसरा लावा."

मंद्र वाजू लागला तशा बाई डोळे मिटून डोलू लागल्या. मालक मात्र अस्वस्थ झाला. "हा तर ऐकूच येत नाही," असं पुटपुटत त्याने मंद्र बंद केला. बाकीच्या स्पीकरांवर ठुमरी चालूच राहिली, पण डग्गा मुका झाला.

बाईंनी डोळे उघडले. "अहो, भर मैफलीतून साथीदाराला का उठवलंत?"